चार पावांचं मडगार्ड

अ‍ॅस्टोरिया, ऑरेगन
२ एप्रिल १९९७

श्री. ऑनी हाउटाला यांस,

तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी आर्वो हाउटाला यांची मुलगी, आर्लीन. तुमचे आणि माझ्या बाबांचे वडील सख्खे भाऊ. एक मिशिगनच्या तांब्याच्या खाणीत राहिला, दुसरा मासे धरायला इकडे नदीच्या तोंडाशी आला, एवढं घरात ऐकलेलं आहे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. तुम्ही तेव्हा पाठवलेलं कार्ड आईने जपून ठेवलंय.

आमच्याकडे बाबांची टॅनेजर आहे, लाल, दोन माणसांची. कंपनीने ती गाडी काढणं बंद केल्याला आता नऊ वर्षं झाली आणि तिचे भाग कुठेच मिळत नाहीत. टॅनेजरवेड्या लोकांचं एक मासिक निघतं, त्याच्या मागच्या पानावर तुमचं नाव वाचलं: ‘फायबरचे भाग, हाताने केलेले, तुमच्या गाडीच्या मापाने.’ हाउटाला आडनाव आणि मिशिगन, म्हणजे तुम्हीच असणार.

मला पुढचं उजवं मडगार्ड हवंय. कंपनीतून आलं होतं तसंच. तसूभरही फरक नको. किती खर्च येईल आणि उन्हाळ्याआधी होईल का, ते कळवावं.

आपली,
आर्लीन हाउटाला

टोइव्होला, मिशिगन
१४ एप्रिल

आर्लीन पोरी,

सख्ख्या चुलतभावाची लेक, आणि मला ‘यांस’ म्हणते! उद्या ‘महोदय’ म्हणशील. मी तुझा ऑनीकाका. फोन नंबर दिला आहेस, पण फोन कानाला लावला की मला नुसता समुद्र ऐकू येतो. तेव्हा पत्रच बरं.

आता धंद्याचं. मी उभा जन्म फायबरच्या होड्या केल्या. मग ही टॅनेजर निघाली. तिचं अंगही फायबरचंच, म्हणून एकाने मडगार्ड जोडायला आणलं, आणि तेव्हापासून ह्या गाडीने मला झपाटलं. पण पोरी, कंपनीचं मडगार्ड म्हणजे बिनमिठाची लापशी. पोट भरतं, मन भरत नाही. मी करतो ते बघ, सोबत फोटो जोडलाय. रुंद, चाकावर झेपावलेलं, बाजूला माशाच्या कल्ल्यांसारख्या तीन चिरा. टेक्सासपासून माणसं मागवतात.

कंपनीसारखं हुबेहूब मागणारे मला दोनच प्रकारचे भेटलेत. एक ज्यांना गाडी विकायची असते ते, आणि दुसरे ज्यांना झालेली गोष्ट कुणापासून तरी लपवायची असते ते. तू ताकाला आलीस, भांडं कशाला लपवतेस?

शिवाय इकडे अजून गुडघाभर बर्फ आहे. गारठ्यात रेझिन वाळत नाही, म्हणून मी माल सौनाच्या गरम खोलीत वाळवायला ठेवतो. गेल्या शनिवारी तुझी सायमाकाकू टॉवेल घेऊन वाफ घ्यायला गेली, तर बाकावर आडवं बॉनेट. बाहेर येऊन म्हणाली, “आत पाहुणे बसलेत. त्यांचं झालं की मला हाक मारा.”

खरं काय ते लिही.

तुझा
ऑनीकाका

अ‍ॅस्टोरिया
२३ एप्रिल

ऑनीकाका,

तुमचा दुसरा प्रकार. मला लपवायचंय, आणि आईपासून.

चार वर्षांपूर्वी आईची नजर हळूहळू गेली. काठी ती घेत नाही, म्हणते, काठी म्हाताऱ्यांची. घरात तिला काही लागत नाही. बाहेर जायचं तर बाबा टॅनेजर ओसरीच्या पायऱ्यांना लावून उभी करायचे, उजवी बाजू पायऱ्यांकडे. आई कठडा सोडायची आणि तिचा हात थेट हेडलाइटवर यायचा. तिथून मडगार्डावरून हात सरकवत सरकवत ती दाराच्या मुठीशी. कुणी धरायचं नाही, कुणी बोलायचं नाही. घर आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये तिला एवढीच वाट होती, आणि ती लाल फायबरची होती. बाबा गेल्यावर मी तशीच गाडी लावायला लागले.

मार्चमध्ये, चांगलं लख्ख ऊन असताना, रस्त्यावर एल्क आलं. मी एकटीच होते. मला खरचटलंसुद्धा नाही. ते जनावर उठून झाडीत गेलं, जाताना त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू चूक माझीच होती. गाडीच्या उजव्या मडगार्डाचा मात्र भुगा झाला. दिवसभर शाळेची बस चालवणारी मी, आणि घरची एवढीशी गाडी मला सांभाळता आली नाही.

आईला सांगितलंय की इंजिनाचं काम निघालंय, गाडी डेलकडे आहे. डेल म्हणजे आमचा डेंटिंगवाला. मी तिला माझ्या व्हॅनमधून न्यायला बघितलं, तर म्हणाली, “ती मालगाडी आहे. मी काय कोळसा आहे?” त्या दिवसापासून ती पायरी उतरलेली नाही. उभं आयुष्य बेकरीत पहाटे उठून उभी राहिलेली बाई आता दिवसभर खुर्चीत बसते. डॉक्टर म्हणाले, पाय असे बसून राहिले तर पुढच्या हिवाळ्यात चालणार नाहीत. मी चल म्हटलं की ती म्हणते, “गाडी आली की बघू.”

म्हणून तसूभर फरक नको. डावं मडगार्ड शाबूत आहे, त्याचा कागदावर छाप घेऊन पाठवतेय.

आर्लीन

टोइव्होला
५ मे

पोरी,

कल्ल्यांचा फोटो फाडून टाक. नाहीतर नको, ठेव, चांगला आलाय.

तुझा कागद पोचला. शेडमागे एका मोडक्या टॅनेजरचं डावं मडगार्ड पडलंय. दोन्ही जुळवून बघितली, कुठेही उणं-अधिक नाही. आता डाव्याचं उजवं करायचं, म्हणजे आरशात बघून दाढी करण्यासारखं. मी ते रोज करतो. मजुरीचं नाव काढू नकोस, सामानाचे पैसे तेवढे पाठव.

एक मात्र सांगतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आणि लेम्पीवहिनी बेकरीवाली. ती तर कोंबड्याच्याही आधी उठणारी.

ऑनीकाका

अ‍ॅस्टोरिया
१७ जून

ऑनीकाका,

तुमचं काम इतकं देखणं होतं की डेल त्यावरून हात फिरवत बराच वेळ नुसता उभा होता. लाल रंग दिल्यावर डावं कुठलं, उजवं कुठलं कळेना. रविवारी गाडी पायऱ्यांना लावली आणि आईला हाक मारली.

ती निळा कोट घालून आली. केस विंचरलेले, ओठांना रंग. कठडा सोडला. हात हेडलाइटवर आला. तिथून मडगार्डावर वीतभर सरकला आणि थांबला. मागे गेला, परत आला. मग तिने दुसराही हात ठेवला, जसं ताप बघायला ठेवतात.

“ही कुणाची गाडी?”

“आपलीच गं.”

“आर्लीन, ही कुणाची गाडी आहे?”

मग तिच्या तोंडून एकेक करून सगळं निघालं. बाबांनी ती गाडी घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी धक्क्यावरच्या खांबाला घासली होती. लोकांना कळू नये म्हणून त्यांनी उजवं मडगार्ड आमच्या जाळ्यांच्या खोपट्यात, होडीच्या रेझिनने स्वतः जोडलं. मी तेव्हा पोर्टलंडला होते, मला कधी कुणी बोललं नाही. म्हणजे ते मडगार्ड डाव्यासारखं कधी नव्हतंच. मी तुम्हाला उलट्या बाजूचा छाप पाठवला, आणि तुम्ही त्या छापाबरहुकूम चोख काम केलंत.

“जुनं कुठाय?” तिने विचारलं.

जुन्याचे तुकडे डेलने कधीच कचऱ्यात दिले होते. ते सांगितलं, एल्कचंही सांगितलं.

ती म्हणाली, “तू वाचलीस, हे मला तीन महिन्यांनी सांगतेस?” आणि वळून पायऱ्या चढून गेली. कोट तिने अजून खुंटीला लावलेला नाही, खुर्चीच्या पाठीवर तसाच आहे.

आता काय करू?

आर्लीन

टोइव्होला
१२ जुलै

पोरी,

उत्तराला उशीर झाला, थोडी सर्दी होती.

चूक माझी. होड्या करणारा माणूस मी, आणि मलाच सुचलं नाही! आर्वो होडीवाला. होडीवाला मडगार्ड जोडायला बसला की त्याचा हात होडीच्या सवयीने चालतो. त्या मडगार्डाला थोडं होडीचं पोट येणारच.

आता ते पोट जगात एकाच ठिकाणी शिल्लक आहे, वहिनीच्या तळहातात. तिथूनच काढायला हवं. तिला माती दे, मेण दे, जे तिला आवडेल ते दे. म्हणावं, हेडलाइटपासून दारापर्यंत हाताला काय लागायचं ते कर. कसं का होईना, मी त्यावरून साचा घेतो.

रुसलेली असेल तर आणखी चांगलं. रुसलेली माणसं काम नेटकं करतात. तुझ्या काकूकडे बघून सांगतो.

ऑनीकाका

अ‍ॅस्टोरिया
२८ जुलै

ऑनीभाऊजी,

लिहितेय आर्लीन, बोलतेय मी, लेम्पी. ती मधेच माझं बोलणं सुधारते, ते मला पेनाच्या आवाजावरून कळतं. (मी काहीही सुधारत नाहीये. – आ.) हे बघा, आताच.

तुम्ही मला न विचारता माझ्या गाडीला हात लावलात. आमच्या यजमानांचे भाऊ शोभता. त्यांनीही विचारलं नव्हतं. खांबाला घासून आले, आठ दिवस खोपट्यात दडून बसले, आणि मला बोलावून म्हणाले, “बघ, नव्यासारखं केलंय.” तेव्हा मला दिसत होतं. मी म्हटलं, “आर्वो, गाडीला गालगुंड झालंय!” इतकी हसले की त्यांनी दोन दिवस कॉफी घेतली नाही. दिसत होतं तोवर हसले, भाऊजी. दिसेनासं झाल्यावर त्याच गालगुंडाला धरून चालायला लागले.

आर्लीनने शाळेतली माती आणली. ती थंडगार आणि मुकी. तिच्याशी माझ्या हातांना बोलताच येईना. मग मी पीठ घेतलं. वेलची कुटली, दूध कोमट केलं आणि नीसू पावाची कणीक मळली. मडगार्ड ओव्हनमध्ये एका वेळी मावत नाही, म्हणून त्याचे चार पाव केलेत. खाली काट्याने टोचून खुणा केल्यात. एक टोचा तो हेडलाइटकडचा, चार टोचे तो दाराकडचा. एकापुढे एक मांडा आणि डोळे मिटून हात फिरवा. आधी उतार लागेल, मग चढ, चढाच्या माथ्यावर अंगठा विसावेल एवढा खळगा. तिथे मी रोज जराशी थांबत असे. पुढे लांबलचक पोट, आणि दाराच्या आधी एक बारीक कड, जागी करणारी.

आर्लीनशी मी अजून नीट बोलत नाही. हे पत्र सोडून. (खरं आहे. – आ.)

सायमाला सांगा, तिला मी विसरलेले नाही. तुमच्या लग्नातला केक कच्चा होता.

लेम्पी

टोइव्होला
८ ऑगस्ट

वहिनी,

केक कच्चा नव्हता, घाईचा होता. लग्नासारखाच.

खोकं आलं तेव्हा सगळं पोस्ट वेलचीने घमघमत होतं. सायमाने खोकं फोडलं आणि म्हणाली, “वा! लोणी काढा.”

मी ओरडलो, “हात लावू नकोस, मडगार्ड आहे ते!”

तिने एकदा पावाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “झालं. आता मडगार्डाला वेलची लावायला लागलात.”

तुम्ही सांगितलंत तसं मांडलं. डोळे मिटून हात फिरवला. वहिनी, मी इतकी वर्षं ह्या गाडीची अंगं घडवतोय, पण कुठल्या मडगार्डावर माझा हात आपणहून थांबला नव्हता.

पण डोळे उघडले आणि पंचाईत झाली. शेजारी डावं ठेवून बघितलं, तर तुमचं केवढं तरी उंच. आर्वो कितीही होडीवाला असला तरी एवढं पोट आणणार नाही. सायमा म्हणते, “अहो, त्यात यीस्ट आहे. नीसू ओव्हनमध्ये दीडपट फुगतो.” म्हणजे तुमच्या हातांनी केलं ते मडगार्ड वेगळं, आणि ओव्हनने केलं ते वेगळं. मी अंदाजाने पोट उतरवून साचा करायला घेतो. येत्या आठवड्यात रंधा लावीन. काही वेगळं म्हणणं असेल तर त्याआधी कळवा.

ऑनी

(ता. क. – मी सायमा. ह्यांची ‘सर्दी’ म्हणजे छातीचं दुखणं आहे. इतक्या वर्षांची फायबरची धूळ. डॉक्टरांनी शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलंय, आणि हे पत्रात सर्दी लिहितात. जाऊबाई, केक ह्यांनीच मधेच ओव्हन उघडून बिघडवला होता.)

अ‍ॅस्टोरिया
१३ ऑगस्ट, जलद टपालाने

भाऊजी, रंधा खाली ठेवा.

बेकरीतली बाई पाव वळते तेव्हा तिचे हात कणकेचा आकार करत नाहीत. कणीक फुगून जे होणार त्याचा करतात. किती फुगेल ते हाताला आधीच ठाऊक असतं. नाहीतर एवढ्या वर्षांत गावाने माझ्याकडून एकाच आकाराचे पाव घेतले असते का? शिवाय थंड झाल्यावर चारही पाव मी चाचपून बघितलेत. पहिल्या खेपेचे आवडले नाहीत, ते आर्लीनने खाल्ले. दुसऱ्या खेपेचे समुद्रपक्ष्यांना घातले. तुम्हाला आले ते तिसऱ्या खेपेचे. ओव्हनमधून निघालं तेच माझं मडगार्ड.

आर्लीन म्हणते, बाबांचं एवढं उंच नव्हतंच. तिने जुने फोटो काढून बघितले. नसेल. फोटो तिला दिसतात. माझ्या हाताखाली आहे ते एवढंच उंच आहे, आणि चालायचंय मला.

डाव्या बाजूशी जुळणार नाही म्हणाल, तर त्या बाजूला मी कधी गेलेच नाही.

आणि तुम्ही शेडमध्ये जायचं नाही. सायमाचं ऐका. मडगार्ड होवो न होवो.

लेम्पी

टोइव्होला
१ सप्टेंबर

जाऊबाई आणि आर्लीन,

मी सायमा लिहितेय. मडगार्ड झालं, आणि हे शेडमध्ये गेले नाहीत.

सौनाच्या बाहेर उन्हात एक बाक आहे, त्यावर ह्यांना पांघरूण घेऊन बसवलं, वाऱ्याच्या अलीकडे. मी पलीकडे, नाकातोंडाला फडकं बांधून. तुमच्या पावांवर प्लास्टर चढवून साचा मीच घेतला. साच्याला मेण मीच चोळलं. काचेचं कापड मी अंथरलं, रेझिन मी कालवलं. हात माझे, जीभ ह्यांची. “आतून बाहेर! आतून बाहेर फिरव! बुडबुडा राहिला बघ कडेला!” शेवटी मी म्हटलं, “पावाला लोणी लावताना बुडबुडे मोजते का मी? गप्प बसा.” तेव्हा कुठे गप्प बसले, आणि मग काम सरळ झालं. वाळायला सौनात ठेवलं. त्या शनिवारी आम्ही दोघंही बिनआंघोळीचे.

साच्यातून सोडवलं तेव्हा ह्यांनी डोळे मिटून त्यावरून हात नेला. माथ्यावरच्या खळग्यात अंगठा ठेवून बसून राहिले. मला वाटलं, डुलकी लागली. मग म्हणाले, “सायमा, मी आजवर गाड्या बघणाऱ्यांसाठी करत आलो.” पुढे खोकला आला.

पाव साच्यातून निघताना मोडले. चौथ्यातलं प्लास्टर न लागलेलं काढून कॉफीत बुडवून खाल्लं. वेलची तुमची अजून बरोबर पडते.

मालमोटारीने पाठवतेय. एका खोक्यात, पेंढ्यात गुंडाळून.

सायमा

अ‍ॅस्टोरिया
२१ सप्टेंबर

काका, काकू,

मडगार्ड पोचलं त्या दिवसापासून डेलचं हसणं थांबेना. “आर्लीन, ह्या गाडीला एका बाजूने मधमाशी चावलीय. मी हे रस्त्यावर काढलं तर माझं दुकान बंद होईल.” मी म्हटलं, “तू लाव.” त्याने लावलं. चाकावरच्या पोटाची सावली जमिनीवर पडते, इतकं मोठं. लाल रंग दिला, आणि तो पुसत पुसत आपल्याशीच म्हणाला, “गंमत आहे. हात उचलवत नाही.”

मला धीर होत नव्हता. आईला सांगितलं, गाडी आली आहे, खाली उभी आहे, तुला वाटेल तेव्हा बघ. आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. नळ बंद करून ऐकत होते. खुर्ची सरकली. कोट उचलल्याचा आवाज. दार.

मी खिडकीशी आले तेव्हा ती शेवटच्या पायरीवर होती. एक हात कठड्यावर, दुसरा हवेत. मी मनात म्हटलं, पुन्हा थांबली तर मी ही गाडी नदीत लोटून देईन. मग तिने कठडा सोडला.

हात हेडलाइटवर आला. उतार गेला, चढ गेला. माथ्यावर अंगठा त्या खळग्यात बसला आणि ती थांबली. माझ्या हातातली ताटली ओली होती, ती मी छातीशी धरली. आई पुटपुटत काहीतरी बोलत होती. गाडीशी की बाबांशी, मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. मग हात पुढे निघाला. त्या मोठ्या पोटावरून ती सावकाश चालली, टेकडीवरून चालावं तशी. कड लागली, मूठ लागली, दार उघडलं आणि आत बसली.

“आर्लीन! किल्ली घेऊन येतेस, की तीही डेलकडे आहे?”

मी ओल्या हातांनीच पळत गेले.

कुठे जायचं विचारलं तर म्हणाली, नदी. जिथे ती समुद्राला मिळते तिथे बांधाजवळ गाडी लावली. आम्ही पोचलो आणि मागोमाग समुद्रावरून धुकं आलं. आधी बांध गेला, मग पाणी, मग आमचंच बॉनेट. आईने विचारलं, “काय दिसतंय?”

बाबा तिला इथे बसून सगळं सांगायचे. कुठलं जहाज, कुठल्या देशाचं निशाण, पाण्याचा रंग कसा. मला ते कधी जमलं नाही. दर वेळी मी ‘छान आहे’ म्हणायची आणि ती मान हलवायची. आज तर तेवढंही म्हणता येईना.

“काही नाही गं. पांढरं झालंय सगळं.”

“सगळं?”

“माझाच हात मला धड दिसत नाही.”

ती हसली. किती महिन्यांनी, ते मी मोजत नाही. तिने काच खाली केली, मान बाहेर काढली, थोडा वेळ वास घेतला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “मग तू गप्प बस. आज मी सांगते.”

मी डोळे मिटले. ती सांगायला लागली. म्हणाली, मधल्या पात्रात एक मोठं जहाज नांगरून आहे, धान्य भरायला आलेलं, रिकामं, कारण साखळी पोकळ वाजतेय. त्याच्या अलीकडे समुद्रसिंह एका फळीवरून भांडताहेत, त्यातला एक अगदी म्हातारा आहे, नुसताच ओरडतो. ओहोटी लागलीय, दगडांवरचं शेवाळ उघडं पडतंय, वास बघ. कुणीतरी एकटाच होडी वल्हवत परत येतोय, आणि घाईत नाहीये. आणि बघ, ते बगळे, एकामागून एक, पाण्याला लागून चाललेत, पंखांचा वारा येतोय...

काका, मला सगळं दिसत होतं. जहाजाच्या पोटावरचा गंजसुद्धा.

बऱ्याच वेळाने धुकं वर गेलं असावं, कारण पापण्यांवर ऊन आलं. मी डोळे उघडले नाहीत. तिचं सांगून व्हायचं होतं.

तुमची
आर्लीन